जास्तीचा पेला

निवृत्त झाल्यापासून मी यवतमाळला राहतो. रविवारी सकाळी चर्चमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसतो आणि तरुण पाळक कृपेविषयी बोलू लागला की मला झोप येते. पाळकी केलेल्या माणसाने हे कबूल करू नये, पण खरं आहे. माणूस देवाच्या कृपेने तरतो की स्वतःच्या सत्कृत्यांनी, या वादात मी शिकत असताना बक्षीस मिळवलं होतं. एक फाउंटन पेन. पुढे उभं आयुष्य त्याच विषयावर बोललो, इतकं की आता दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचंही त्राण राहिलेलं नाही. शिवाय मधे मारेगावची वर्षं आली, शांतवनमामा भेटले, आणि तेव्हापासून या विषयावर बोलताना माझी जीभ अडखळायला लागली.

शांतवनमामा आमच्या मारेगावच्या चर्चचे सेवक होते. घंटा वाजवायची, झाडलोट करायची, बाकं पुसायची, कबरस्तानातलं गवत काढायचं आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाची तयारी करायची, एवढं त्यांचं काम. त्याआधी ते मिशनच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर होते. मी जाण्याआधी बऱ्याच वर्षांपूर्वी तो दवाखाना बंद पडला होता. दारं-खिडक्या कुणीतरी काढून नेल्या होत्या. मामा मात्र त्या इमारतीच्या मागच्या खोलीतून हलले नाहीत. बायको वारली होती, मूलबाळ नव्हतं. उंच, वाळकुंडा माणूस, अंगात धुऊन धुऊन विरलेला पांढरा शर्ट आणि कमरेला सुतळीत ओवलेल्या चाव्या. त्यातल्या निम्म्या चाव्यांना आता कुलपंच उरलेली नव्हती.

आम्ही नवरा-बायको एसटीतून उतरलो तेव्हा मामा स्टँडवर उभे होते. "सलाम साहेब," म्हणाले, ट्रंक खांद्यावर घेतली आणि माझ्या पुढे चालू लागले. घरी पोचल्यावर बायकोने चहा केला. मामांनी उभ्याउभ्याच प्याला आणि कप धुऊन पालथा घातला. दुसऱ्या दिवशी आम्ही उठलो तर मोरीतला पाण्याचा ड्रम काठोकाठ भरलेला होता. बायकोला वाटलं, स्वागत म्हणून भरला असेल. पण मग लक्षात आलं, की ज्या दिवशी चहा, त्याच्या दुसऱ्या दिवशी काहीतरी काम झालेलं असायचं. कधी कुंपणाची तार ताणलेली, कधी कौलं सारखी केलेली. एकदा तिने पुरणपोळी दिली तर मामांनी आमचा मागचा नाला दोन दिवस खपून उपसला. त्यानंतर ती गोडधोड देताना जरा विचार करू लागली.

"मामा, तुम्ही कधी स्वस्थ बसत नाही का हो?" तिने एकदा विचारलं.

"बसलो का याद येते, बाई," मामा म्हणाले आणि खराटा घेऊन निघून गेले.

काय याद येते, हे तिने विचारलं नाही. मीही विचारलं नाही. कुणीच विचारत नसे.

चर्चमध्ये त्यांची जागा ठरलेली होती, उंबऱ्यावर. आमच्याकडे सगळे चपला बाहेर काढून आत येतात. मामा मात्र चपला घालूनच उंबऱ्यावर बसत, एक पाय आत, एक पाय बाहेर. ही गोष्ट जॉन सरांना फार खुपायची. जॉन सर म्हणजे आमच्या पंचकमिटीचे सेक्रेटरी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. खिशात अजून खडू ठेवायचे.

"शांतवन, देवाच्या घरात चपला?" ते दर दोन-तीन महिन्यांनी विचारायचे.

"मी घरात कुठं आहो, सर? मी त दारात आहो."

जॉन सर माझ्याकडे बघायचे. मी गीतांच्या पुस्तकात डोकं घालायचो.

सर तसे भले गृहस्थ होते, पण कृपा हा त्यांचा जीव की प्राण. दर बुधवारी संध्याकाळी शास्त्राभ्यासाला ते फळा लावायचे. मधोमध उभी रेघ, एका बाजूला 'कृपा', दुसऱ्या बाजूला 'कृत्ये'. माणसाने कितीही चांगली कामं केली तरी ती देवापुढे शून्य, आणि शून्याला कितीनेही गुणा, शून्यच, हे ते फळ्यावर करून दाखवायचे. मंडळीतल्या जुन्या बायकांना हे मुळीच पटत नसे. त्यांचं एकच उत्तर असायचं, "मंग शांतवनमामा काय शून्य आहे का?" कारण कुणाच्या घरी बाळंतपण असो, कुणाला वणीच्या दवाखान्यात न्यायचं असो, कुणाची मयत असो, मामा तिथे हजर. त्यांच्यापुढे सरांचं गणित टिकायचं नाही. मग सरही इरेला पेटायचे. "मामाचंच उदाहरण घ्या. एवढं करूनही मामा स्वतःच्या जोरावर स्वर्गात जाऊ शकत नाही. मग आपली काय कथा!"

अशा तऱ्हेने दोन्ही बाजूंनी मामांनाच ओढलं जायचं. ते उंबऱ्यावर बसून कापसाच्या वाती वळत ऐकायचे. एका बुधवारी मात्र ते म्हणाले, "मले फळ्यावर कायले घेता, सर? खडू वाया जाते."

सगळे हसले, सरही हसले. मग मामांनी विचारलं, "एक इचारू का? ज्याले बोलावणंच गेलं नाही, त्याचं काय होते?"

"म्हणजे?"

"म्हणजे कोणी लहान लेकरू आहे. त्याले येशूचं नावबी मालूम नाही. विश्वास नाही, बाप्तिस्मा नाही, काईच नाही. ते मेलं. त्याच्यासाठी कोणता खाना आहे फळ्यावर?"

सरांनी खडू खिशात ठेवला. मग म्हणाले, "याचं उत्तर पाळकसाहेब देतील."

मी काहीतरी उत्तर दिलं. देवाचा न्याय, देवाची दया, आपण माणसांनी सगळं जाणायचा अट्टहास करू नये, वगैरे. बोलताना मलाच माझा कंटाळा येत होता. मामांनी मान हलवली आणि वाती वळू लागले. पुढे मला कळलं की हाच प्रश्न त्यांनी माझ्या आधीच्या तिन्ही पाळकांना विचारला होता आणि तिघांनीही साधारण हेच सांगितलं होतं.

आता प्रभुभोजनाचं सांगतो, कारण सगळं तिथेच आहे. द्राक्षरस मामा घरी करायचे. काळे मनुके शनिवारी भिजत घालायचे, कुस्करायचे, धुवट फडक्यातून गाळायचे. भाकर म्हणून आम्ही पोळीच वापरायचो, बिनमिठाची. तीही मामाच भाजायचे आणि सुरीने तिचे बोटाच्या पेराएवढे चौकोन करायचे. लहान लहान काचेचे पेले लाकडी तबकात मांडून रस भरायचा, वर पांढरं कापड झाकायचं. मंडळी रांगेने पुढे येऊन कठड्याशी गुडघे टेकायची. एका वेळी आठ जण. आठांनाही देऊन झालं की मी म्हणायचो, "शांतीने जा," आणि मग ती ओळ एकदम उठायची. त्याआधी कुणी उठत नसे, तशी रीतच होती. सगळ्यांचं झालं की उरलेलं तबक मी आतल्या खोलीत नेऊन ठेवायचो. सेवकाने तिथे आपलं आपण घ्यायचं, हीही जुनी रीत.

निदान माझा तसा समज होता. माझ्या आधीच्या पाळकांचाही तोच समज होता. जो तो धरून चालला होता की शांतवनमामा शेवटी, एकटे, आत घेतात.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी असेल, मी एकदा उपासनेनंतर विसरलेला चष्मा घ्यायला परत आलो. मामा मागच्या अंगणात कडुनिंबाखाली उभे होते. हातात एक भरलेला पेला. त्यांनी तो हळूच झाडाच्या मुळाशी ओतला आणि पोळीचा एक तुकडा मातीवर ठेवला. मी तिथे असल्याचं त्यांना कळलं नाही. पुढच्या महिन्यात मी मुद्दाम मोजलं. येणारे जितके होते, त्याहून एक पेला जास्त भरलेला. पुढच्या महिन्यातही तसंच.

मला राग आला, हे खरं सांगतो. आमच्याच सेवकाने प्रभूचा मेज असा झाडाखाली उपडा करावा? आणि त्याहून जास्त राग याचा, की माझ्या देखत हे चाललं होतं आणि मला पत्ता नव्हता. मी त्यांना खोलीवर जाऊन गाठलं.

"मामा, तुम्ही प्रभुभोजन घेत नाही."

"नाही जी."

"किती वर्षं?"

त्यांनी माझ्यासाठी खुर्ची पुसली.

"मग स्वतःचा पेला भरता कशाला? टाकून द्यायला?"

"तो माहा नाही, साहेब," मामा म्हणाले. "त्या पोट्टीचा आहे."

मग त्यांनी सांगितलं. खालच्या आवाजात, मधे मधे थांबून, हातातलं फडकं घडी घालत, परत उलगडत.

दवाखाना चालू होता तेव्हाची गोष्ट. महिन्याचा पहिला रविवार. डॉक्टर गावाला गेलेले, दवाखान्यात एकट्या एलिझा सिस्टर. औषधांच्या लोखंडी कपाटाची चावी मामांकडे असायची आणि मामा चर्चमध्ये होते. कोलाम आदिवासींच्या एका पोडावरून, म्हणजे पाड्यावरून, बंडीत घालून एक लहान मुलगी आणली, साप चावलेली. सिस्टरने आयाबाईला चर्चकडे पिटाळलं. ती दारात उभी राहून मामांना हातवारे करू लागली.

"मले दिसली ते. मी रांगेत होतो, माह्या पुढं दोन माणसं. म्या म्हटलं, एवढं घेतो अन् जातो. प्रभूच्या मेजावरून असं उठून जाणं बरं नाही वाटलं. मंग गुडघे टेकले. आता उठणार कसा? ओळ सुटाले पाहिजे ना. पाळकसाहेबानं त्या दिवशी मोठी प्रार्थना केली. मी डोळे मिटून बसलो होतो, साहेब. चाबी माह्या खिशात होती."

बाहेर कुणाची तरी बकरी मामांच्या भाजीच्या वाफ्यात शिरली होती, तिला त्यांनी जागेवरूनच हाकललं.

"इंजेक्शन त देलं. पण ते गेली. सिस्टर म्हणे, बंडीतच उशीर झालता, तुह्यानं काही फरक पडला नाही. पण सिस्टर दयाळू बाई होती. ते दुसरं काय म्हणंन?"

मला जे सांगता येण्यासारखं होतं ते मी सांगितलं. की याचसाठी तर कृपा आहे. की तुम्ही इतकी वर्षं चपला घालून उंबऱ्यावर बसून जे फेडताय, ते फेडायचं नसतंच. ते आधीच कुणीतरी फेडलेलं आहे. हात पुढे करायचा आणि घ्यायचं, बस्स. मला वाटलं, या माणसापुढे तरी मी मनापासून बोललो.

"ते मले मालूम आहे, साहेब," मामा म्हणाले. "सर फळ्यावर लिहिते ते समदं खरं आहे. मले माफी आहे. फुकट आहे. म्या नाही कुठं म्हटलं? पण पाहा ना तुमी. चूक केली म्या, माफी भेटते मले. मेली ते, अन् तिले काय भेटलं? तिले त बोलावणंबी नव्हतं. मंग म्या कोणत्या तोंडानं घ्यावं? म्हणून तिच्यासाठी भरतो. तिचं होऊ द्या आधी."

मी उठून घरी आलो. त्या रात्री जेवलो नाही.

त्या मुलीच्या घरी मामा दर महिन्याला जात होते, हेही तेव्हाच कळलं. पहिल्या रविवारी उपासना झाली, चर्च झाडून झालं, की ते पिशवी घेऊन निघायचे. आधी पायी, हल्लीहल्ली काळीपिवळी जीपने फाट्यापर्यंत आणि पुढे पायी. पिशवीत मलम, पट्ट्या, तापाच्या गोळ्या, गूळ. मुलीची आई भीमाबाई. तिच्या सुनेच्या बाळंतपणात मामांनी तिला वणीला नेलं, नातवाच्या जातीच्या दाखल्यासाठी तहसीलचे खेटे घातले, घरकुलाचे कागद केले. मी विचारलं, भीमाबाईला माहीत आहे का, चावीचं? मामा म्हणाले, नाही. सांगायचं होतं. पहिल्याच वेळी सांगायला गेले होते. तिने पाणी दिलं, बस म्हणाली, आणि ते राहून गेलं.

"मग सांगा," मी म्हटलं. "देवाची माफी तुम्हाला घेववत नाही ना? मग तिची मागा."

हा सल्ला मी फार शहाणपणाने दिला असं मला तेव्हा वाटलं होतं.

मामांनी दोन वर्षं घेतली. मधे जॉन सरांना तो जास्तीचा पेला कळला. त्यांनी मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव न घेता एक लांबलचक संदेश टाकला, त्यावर जुन्या बायका भडकल्या, आणि पंचकमिटीत ठरलं की जो मेजाला येत नाही त्याने मेजाची तयारी करू नये. सरांचं तत्त्वाला धरूनच होतं. मामांना हे सांगायची वेळ माझ्यावर आली. ते ऐकून म्हणाले, "या महिन्यात भीमाबाईले सांगतो. ते माफ करन त घेतो. नाही त घंटा अन् चाव्या सरायले देऊन देतो." मग जरा थांबून म्हणाले, "तुमी येता का संग?"

मी मोटारसायकलवर त्यांना घेऊन गेलो. पोडावर पंधरा-वीस घरं, कुडाच्या भिंती शेणामातीने सारवलेल्या. भीमाबाई अंगणात तूर पाखडत होती. म्हातारी, ठेंगणी, कपाळभर गोंदण. मामांना बघून तिने नुसतं सूप बाजूला सरकवलं आणि सुनेला कोलामीत काहीतरी सांगितलं. सुनेने बाज टाकली. मी बसलो. मामा उभेच राहिले आणि उभ्यानेच त्यांनी सगळं सांगितलं. दोन माणसं पुढे होती, ओळ, प्रार्थना, खिशातली चावी, सगळं. काही लपवलं नाही.

भीमाबाई ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावरून मला काही कळेना.

"मले त काई धड याद नाही," शेवटी ती म्हणाली. "पोट्टी माह्या मांडीवर होती का बंडीत होती, तेबी नाही. माह्या मालकाले याद असतं, त तो बी गेला. तिकून गाणं ऐकू येत होतं, तेवढं याद आहे. मले वाटलं, कोणाचं लगन आहे."

मामांनी खाली मान घातली. त्या गाण्यात त्यांचाही आवाज होता, मीही ते गीत शेकडो वेळा गायलोय. माझ्याने वर बघवेना.

"बाई, मले माफ कर," मामा म्हणाले.

तिने ते ऐकलंच नाही असं वाटलं. ती दुसऱ्याच कशाचा तरी विचार करत होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, "मंग तू यासाठी येत होता?"

"हो."

"येवढे वर्सं? ते गोळ्या, ते गूळ, माह्या सुनेले नेलं, ते समदं यासाठी?"

"हो, बाई."

"मी समजून राह्यली होती का तू माह्या घरी येतं," भीमाबाई म्हणाली. "तू त पोट्टीपाशी येत होता."

ती रागावली नव्हती. राग असता तर बरं झालं असतं. तिने सूप पुढे ओढलं आणि पाखडायला लागली. सून चहा घेऊन आली होती, ती दारातच कप धरून उभी राहिली. मग आम्ही निघालो. फाट्याजवळ मला म्हणाले, "साहेब, गाडी जरा थांबवा," आणि उतरून रस्त्याच्या कडेला बसून राहिले. मी त्यांच्या शेजारी बसलो. सल्ला माझाच होता. माफ करा, असं मला त्यांना म्हणायचं होतं, पण म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चाव्यांचा जुडगा जॉन सरांच्या हातात दिला. सर गडबडले. "अरे, मी तसं म्हटलं नव्हतं," म्हणाले. म्हटलं तर होतं. पुढच्या महिन्याचा पहिला रविवार आला आणि मामा पोडावर गेले नाहीत. कुठेच गेले नाहीत. खोलीत बाजेवर बसून राहिले. ज्या माणसाला मी कधी दोन मिनिटं बसलेलं पाहिलं नव्हतं, तो दिवसच्या दिवस बसून राहू लागला, आणि बघता बघता खंगला. आधी पायांवर सूज आली, मग चालणं सुटलं. वणीला नेलं, यवतमाळला नेलं. डॉक्टरांनी हृदयाचं काहीतरी सांगितलं आणि घरी न्यायला सांगितलं.

डबा आमच्या घरून जायचा. जुन्या बायका आळीपाळीने धुणं न्यायच्या. खोली झाडायला मात्र जॉन सर जायचे, स्वतः, रोज सकाळी. एकदा मी गेलो तेव्हा ते मामांच्या पायाला तेल लावत होते आणि मामा भिंतीकडे तोंड करून पडले होते. इतक्या वर्षांत कुणाचं काही घेतलं नाही त्या माणसाने, आणि आता घेण्यावाचून इलाज नव्हता. त्यांना ते सोसत नव्हतं. सरांनाही ते दिसत होतं. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "साहेब, मी आयुष्यभर जे फळ्यावर लिहिलं ना, ते त्यांच्याकडे बघताना मला आठवतच नाही." त्यांचे डोळे लाल झाले होते.

आजाऱ्यांसाठी मी प्रभुभोजन एका छोट्या डब्यातून घरी न्यायचो. मामांकडे दोनदा नेलं. दोन्ही वेळा ते म्हणाले, "नको, साहेब." मी आग्रह केला नाही. तेवढं तरी मी शिकलो होतो.

तिसऱ्यांदा गेलो तो पुन्हा महिन्याचा पहिला रविवार होता, दुपारची वेळ. कापूस वेचणीचे दिवस. खोलीच्या दाराशी पोचलो तर आत भीमाबाई बसली होती. बाजेच्या पायाशी, जमिनीवर, भिंतीला टेकून. जीपने आली होती, फाट्यापर्यंत चालत. धाप अजून बसलेली नव्हती. हातात काही नव्हतं, पिशवी नाही की डबा नाही.

मामा तिच्याकडे बघत होते. मी परत फिरणार होतो, तेवढ्यात मामांनी तिला विचारलं, "कायले आली, बाई? काई काम होतं का?"

"काम कायचं?" भीमाबाई म्हणाली. "आली."

मामांनी डोळे मिटले. मग मला म्हणाले, "या, साहेब. बसा. आणलं असंन ना?"

मी म्हटलं, आणलंय. डबा उघडला, स्टुलावर पांढरं कापड पसरलं. पोळी माझ्या बायकोने केली होती, मामांच्या पोळीसारखी पातळ जमली नव्हती. मी एक चौकोन उचलला आणि मामांच्या जवळ गेलो.

"आधी तिले द्या," मामा म्हणाले.

बाप्तिस्मा न झालेल्या माणसाला प्रभुभोजन देता येत नाही. हा नियम मी दुसऱ्यांना शिकवलाय, त्यावर लोकांना परत पाठवलंय. एकदा एका हिंदू जावयाला भर चर्चमध्ये कठड्यापासून उठवलंय, त्याची बायको आजही माझ्याशी बोलत नाही. तो तुकडा हातात धरून मी उभा राहिलो. मामांनी मला घाई केली नाही. भीमाबाई माझ्याकडे बघत होती, हा माणूस पोळीचा तुकडा धरून असा का उभा आहे, तिला काहीच कळत नव्हतं. मी फार थकलो होतो. आणि त्या क्षणी मला एकच कळत होतं, की तिला परत पाठवायची ताकद माझ्यात नाही.

मी तिला तुकडा दिला.

तिने तो तळहातावर घेतला, उलटसुलट करून पाहिला. "येवढुसा?" ती म्हणाली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, बाजेच्या काठावर बसली, त्या एवढ्याशा तुकड्याचे तिने दोन भाग केले आणि एक भाग मामांच्या तोंडाशी नेला.

मामांनी तोंड उघडलं. तिने घास आत सारला आणि ओठांच्या कडेला लागलेला कण अंगठ्याने पुसला. दुसरा भाग तिने आपल्या तोंडात टाकला. मामा हळूहळू चावत होते, गालावरून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायला त्यांचा हात उचलत नव्हता, म्हणून तेही तिनेच पदराने पुसलं. मी डबा हातात घेऊन तिथेच उभा होतो. त्या वेळी पाळकाने जे शब्द म्हणायचे असतात, ते म्हणायचे राहूनच गेले.